साडेआठ फूट

पिंपळगावच्या शोरूममध्ये सहा ब्लोअर उभे होते,
टाक्यांवरचं प्लास्टिक अजून सोललेलं नव्हतं.
निरगुड्यांचा पोरगा बोलत सुटला :
हजार लिटर, मॅडम, दोन पंखे, बाहेरचा पंप,
दीड एकर एका टाकीत.
मी वाकून दोन चाकांमधलं अंतर बघत होते.

कचरूने काही विचारलं नाही.
झाकण उघडून खांद्यापर्यंत हात आत घातला
आणि तळाच्या कोपऱ्यात बोटं फिरवली.
"इथं औषध साचून ऱ्हाईल," म्हणाला,
"धुताना हात माझा जाईल,
ह्या भाऊचा न्हाय."
पोरगा हसला. आम्ही हसलो नाही.

भागवत भावजींना मोठा हवा होता.
उगावात आपल्याइतका मोठा कुणाकडे नसावा,
एवढंच त्यांचं गणित,
आणि ते चुकीचं आहे असं तोंडावर सांगायची
आमच्या घरात अजून पद्धत नाही.
म्हणून मी म्हटलं, ट्रायल घेऊ.
नुसत्या पाण्याची.

सकाळी सातला, वारा उठायच्या आत,
कपड्यांचे चिमटे घेऊन मी बागेत शिरले
आणि पिवळ्या पट्ट्या लावत गेले :
एक बाहेरच्या पानावर,
एक काडीच्या बेचक्यात, एक घडाच्या मागे,
आणि एक पानाच्या पाठीला,
जिथे डावण्या गुपचूप बिऱ्हाड करतो.
थेंब पडला की ही पट्टी निळी होते.
तिला कंपनी कळत नाही, किंमत कळत नाही.

मोठा ब्लोअर गरजत गेला.
बाहेरची पट्टी निळीशार, ओघळ जमिनीपर्यंत;
पाठीमागची मात्र हळदीच्या डब्यातून
आत्ता काढल्यासारखी.
भावजी म्हणाले, चिमटा वाकडा लागला असेल.

मग सहाशे लिटरचा, एका पंख्याचा.
आवाज बेताचा, थेंब बारीक,
पानं उलटीसुलटी होत राहिली, जणू कुणी
वही चाळतंय घाईत.
चारही पट्ट्यांवर निळी खसखस.

तरी भावजी अडून बसले.
मग त्यांनी स्वतःच मोठा वरच्या प्लॉटमध्ये घातला.
अर्ध्या ओळीत डावं चाक खोडाला घासलं,
शेवटाला वळताना अँगल वाकला,
आणि ते खाली उतरले, टेप मागितला.

नऊ फूट नव्हतं.
साडेआठ. कुठे त्याहूनही दोन बोटं कमी.

आत्याबाई बांधावरून म्हणाल्या,
"दोरी भिजली व्हती त्या रात्री."
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
मामांनी तागाच्या दोरीला नऊ-नऊ फुटांवर गाठी मारल्या होत्या,
चारी फुटली, दोरी रात्रभर पाण्यात राहिली,
सकाळी आखडलेल्या दोरीनेच खड्डे पडले.
"त्यांला कळलं व्हतं का?" मी विचारलं.
"कळलं की. पण मजूर आले व्हते."

म्हणजे आम्ही बावीस वर्षं
एका ओल्या दोरीच्या मापात चालत होतो,
कोपरं खरचटत, ट्रॅक्टरला शिव्या देत.

लहानाचाच ॲडव्हान्स दिला.
सिरॅमिक नोझल जास्तीचे सहा,
पीटीओच्या शाफ्टला कव्हर,
आणि कचरूने शेवटी, पैसे मोजून झाल्यावर,
पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत सांगितलेलं एक :
बाजूला पंधरा लिटरची साध्या पाण्याची टाकी, तोटीसकट,
हात धुवायला.
निरगुड्यांचा पोरगा म्हणाला, हे कुणी मागत नाही.
मी म्हटलं, बिलात लिहा.

फाइल लावताना एक पट्टी सापडली,
कुठेच न लावलेली.
पिवळीच होती, फक्त एका टोकाला
घामाचा निळा अंगठा उमटलेला.
माझा की कचरूचा,
ते बघायला मी ती उजेडात धरली,
आणि धरल्या जागी
आणखी एक उमटला.